नावाची शिळा: काँक्रीटचा पोकळ धोंडा घडवून त्यावर अक्षरं कोरण्याची पद्धत

घराच्या किंवा शेताच्या फाटकाशी नाव कोरलेली मोठी शिळा ठेवायची हौस आता गावोगाव दिसते. खरा धोंडा आणायचा तर तो कुठून तरी उचलावा लागतो: डोंगरउतारावरून, ओढ्यातून, नाहीतर खाणीतून. दगड हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय तो उचलता येत नाही. शिवाय ओढ्याकाठचा धोंडा हलवला की त्याने धरून ठेवलेली मातीही पुढच्या पावसात वाहून जाते. डोंगरातला दगड डोंगरातच राहू द्यावा असं माझं ठाम मत आहे. सिमेंट, वाळू, सळई आणि जाळी यांतून त्याच्या तोडीची शिळा घरी घडवता येते, आणि ती जवळून पाहणाऱ्यालाही पटते.

ही कला नवी नाही. इंग्लंडमध्ये १९व्या शतकात पुलहॅम कुटुंबाने विटांच्या तुकड्यांच्या गाभ्यावर सिमेंटचे थर देऊन बागांमध्ये अख्खे कडे उभे केले. त्यांतले काही आजही टिकून आहेत. आपण गाभ्याऐवजी सळई-जाळीचा सांगाडा वापरणार आहोत, म्हणजे फेरोसिमेंटची पद्धत. तिच्यात वजन कमी राहतं आणि तडे आटोक्यात राहतात.

आधी खरा दगड नीट पाहा

हे काम पाहण्यापासून सुरू होतं, आणि बहुतेक शिळा इथेच फसतात. जवळच्या टेकडीवर जा आणि तिथल्या धोंड्यांचे चारी बाजूंनी, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. घाटमाथ्यावर आणि देशावर आपला दगड म्हणजे काळा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थंड होताना त्याला भेगा पडल्या, त्या भेगांतून पाणी शिरलं, कोपरे सर्वांत आधी झिजले आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत चौकोनी ठोकळ्याचा गोल धोंडा झाला. म्हणून या धोंड्यावर नेहमी दोन गोष्टी एकत्र दिसतात: झिजलेली गोलाई, आणि एखादा पापुद्रा निघाल्यामुळे उघडी पडलेली सपाट, धारदार कडेची जागा. काही धोंड्यांत लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, त्यांत पांढरी खनिजं भरलेली दिसतात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात मात्र जांभा: तांबडा, आरपार छिद्रांचा, पिवळसर माती भरलेला. रत्नागिरीच्या अंगणात काळा गुळगुळीत धोंडा आणि जुन्नरच्या माळावर जांभा, दोन्ही परके दिसतात. आजूबाजूला जो दगड असेल, त्याचीच नक्कल करा.

त्या पापुद्रा निघालेल्या सपाट जागेकडे विशेष लक्ष द्या. आपली अक्षरं तिथेच येणार आहेत. पूर्ण खडबडीत अंगावर कोरलेलं नाव वाचता येत नाही, आणि मुद्दाम घासून चौकट केलेली जागा पाटी चिकटवल्यासारखी दिसते. कपची उडून सपाटी मोकळी झाली आहे असं भासवलं, तर दोन्ही अडचणी एकदम सुटतात.

आकार आणि वजन

या लेखात ४ फूट लांब, ३ फूट उंच आणि २ फूट जाड अशी शिळा धरली आहे. ती भरीव ओतली तर जवळपास एक टन भरेल आणि क्रेनशिवाय हलणार नाही. तीच २ इंच जाडीची पोकळ केली तर वजन साधारण साडेतीनशे किलोवर येतं. तरीही शक्य असेल तर शिळा जिथे राहायची आहे तिथेच बांधा. हलवावीच लागणार असेल, तर सांगाड्याच्या वरच्या अंगाला १२ मिमी सळईचे दोन आकडे तळच्या कडीपर्यंत बांधून बाहेर काढून ठेवा आणि शिळा बसल्यावर ते कापून वर माल भरा.

पाया सोपा आहे, पण काळ्या मातीत तो टाळू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि वरची शिळा कलते. मुरूम लागेपर्यंत खणा, त्यात खडी भरून ठोका. शिळेचा खालचा सात-आठ इंचांचा भाग जमिनीत जाईल अशी खोली ठेवा. दिव्याची वायर न्यायची असेल तर पीव्हीसी पाइप आत्ताच टाकून घ्या.

सांगाडा

८ मिमी सळईची, वेडीवाकडी, दगडाच्या तळाच्या आकाराची एक कडी जमिनीवर ठेवा. तिच्यावरून ६ मिमीच्या सळया कमानीसारख्या वाकवून आडव्या-उभ्या बांधा, दोन सळयांत सहा ते आठ इंच अंतर. कमानी एकसारख्या गोल करू नका. काही ठिकाणी सळईला सरळ कोन द्या, कारण नंतर माल थापून आलेला उंचवटा आणि सांगाड्यातच असलेला कोन यांत फार फरक दिसतो. नावाच्या जागी सळया इंचभर आत घ्या, म्हणजे तिथे मालाचा थर जाड मिळेल आणि कोरताना जाळी लागणार नाही.

वरून अर्ध्या इंचाच्या छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड कोंबडी जाळी दोन पदरी गुंडाळा, छिद्रं एकमेकांवर येणार नाहीत अशी. बाइंडिंग वायरने दर चार-पाच इंचांवर पक्कडीने पीळ द्या आणि पिळाची टोकं आत वळवा. बाहेर आलेलं एक टोक पुरेसं आहे: ते गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरचा थर फोडतो. समुद्रकाठी तर याबाबत अजिबात सवलत नाही. माल आत गळून पडू नये म्हणून जाळीच्या आतल्या बाजूने जुनं गोणपाट बांधा. हाताने दाबून पाहा. जाळी झोल खात असेल तर तिथे आणखी एक सळई हवी.

माल

या मापाच्या शिळेला दोन ते अडीच गोण्या सिमेंट आणि सात घनफूट वाळू लागते. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट घ्या. ते ५३ ग्रेडच्या ओपीसीपेक्षा (साध्या पोर्टलँड सिमेंटपेक्षा) सावकाश घट्ट होतं आणि कोरायला जास्त वेळ मिळतो, उन्हाळ्यात हा फरक मोलाचा ठरतो. वाळू धुतलेली, चाळलेली हवी. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू चालेल, पण तिच्यातली बारीक पावडर जास्त असेल तर माल जास्त पाणी पितो आणि केसासारख्या बारीक चिरा पडतात. समुद्राची वाळू कधीच नाही.

पहिल्या थराला एक भाग सिमेंट, अडीच भाग वाळू. वरच्या थराला एकास दोन, आणि वाळू बारीक चाळणीतून. गोणीला १२५ ग्रॅम या प्रमाणात १२ मिमी लांबीचे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू कोरडेच मिसळा. त्यांची पुडी सिमेंटच्या दुकानात मिळते. नावाच्या जागेवरच्या मालात मात्र तंतू घालू नका. कोरताना हत्याराला तंतू अडकतो आणि अक्षराची कड उखडून आणतो.

पाणी अखंड गोणीला २० ते २२ लिटर, म्हणजे पाव गोणीच्या घाण्याला पाच ते साडेपाच लिटर. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. एका वेळी पाव गोणीहून जास्त माल कालवू नका. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला, बोटांमधून पाणी सुटलं नाही आणि जाळीवर थापल्यावर घसरला नाही, तर माल बरोबर जमला. सुकायला लागलेल्या मालात वरून पाणी घालून तो पुन्हा सैल करायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्याने ताकद जाते आणि पुढे चिरा दिसतात. तो घाणा तळाच्या भरावात टाका आणि नवा कालवा.

ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्वचा भाजतं. सुरुवातीला काही जाणवत नाही, म्हणून लोक उघड्या हातांनी थापत राहतात. रबरी हातमोजे घाला, आणि डोळ्यांत शिंतोडा गेला तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

पहिला थर

तळापासून वर, तळहाताने जाळीत रेटत माल भरा. तो छिद्रांतून पलीकडे थोडा निघून जाळीला धरला पाहिजे. जाडी इंचभर. पूर्ण अंग झालं की थापीच्या टोकाने आडव्यातिडव्या रेघा ओढा, म्हणजे पुढचा थर पकड घेईल. ओलं गोणपाट टाका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सोडा. जमिनीलगत एक-दोन ठिकाणी पाणी निघायला खाच ठेवा, पण तिच्यावर आतून जाळी लावा, नाहीतर पोकळीत साप-विंचू मुक्काम करतात.

अक्षरं कागदावर

पहिला थर वाळत असताना हे करा, आणि घाई करू नका. कोरीव शिळेची खरी किंमत अक्षरांत असते.

आरामात वाचता यावं म्हणून दर दहा फूट अंतरामागे एक इंच उंची, हा पाट्यांचा साधा हिशोब. फाटकासमोरच्या रस्त्यावरून, समजा पन्नास फुटांवरून, वाचायचं असेल तर अक्षराचा मुख्य भाग पाच इंच हवा. देवनागरीत हिशोब इथे संपत नाही. ‘श्रीकृपा’ हे नाव घ्या: वर वेलांटी, खाली ऋकार. दोन्हींना दोन-दोन इंच दिले की एकूण नऊ इंच जागा लागते. लांबी अठरा ते वीस इंच. एवढी सपाटी शिळेवर आहे का, हे आधी कागद लावूनच ठरवा.

संगणकातले नाजूक, वळणदार फाँट दगडाला मानवत नाहीत. बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक वळणं ठेवायला हरकत नाही, त्यानेच अक्षर जिवंत वाटतं, पण सर्वांत बारीक रेघही तीन सुतांच्या खाली नको (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जाड रेघ पाच सूत. मालात उरणारी बेटं, म्हणजे ‘व’च्या गाठीतला किंवा ‘श’च्या वळणातला शिल्लक भाग, अर्ध्या इंचापेक्षा लहान असेल तर कोरताना तो सुटून येतो. अशा ठिकाणी अक्षर थोडं रुंद करा. ‘श्री’चं जोडाक्षर तर हाताने पुन्हा पुन्हा काढून पाहण्यासारखं आहे, त्यातल्या तिरप्या रेघेला मोकळी जागा मिळाली तरच ते लांबून वाचता येतं.

नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखाची ब्राह्मी अक्षरं एकदा जाऊन पाहावीत. त्यांना शिरोरेखा नाही, प्रत्येक अक्षर सुटं उभं आहे. आपल्या अक्षरांना डोक्यावरून जाणारी लांब आडवी खाच असते, आणि पावसाळ्यात पाणी, माती, शेवाळ नेमकं तिच्यातच साठतं. म्हणून शिरोरेखेची खालची कड बाहेरच्या बाजूला उतरती कोरायची, हे आत्ताच ध्यानात ठेवा.

नाव पूर्ण मापात बटर पेपरवर काढा आणि रेघांवर सुईने दोन-दोन सुतांवर भोकं पाडा. कोळशाची पूड फडक्यात बांधून पुरचुंडी करा. कागद शिळेवर धरून पुरचुंडी आपटली की ठिपक्यांत नाव उमटतं. मूर्तिकार आणि भित्तिचित्रं काढणारे हा खाका पूर्वापार वापरतात.

दुसरा थर आणि कोरायची वेळ

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सुरुवात करा, सावलीत. वर कापड किंवा शेडनेट बांधा, वारा अडवा. पहिला थर ओला करा, अंगावर पाणी साचलेलं नको, आणि सिमेंट-पाण्याचा घट्ट घोळ ब्रशने लावत लावत लगेच वर माल थापा. तंतूचा माल सगळीकडे, तीन-चतुर्थांश ते एक इंच. नावाच्या जागी पावणेदोन-दोन इंच बिनतंतूचा माल, दोन टप्प्यांत दाबून. कडेला दोन्ही माल ओले असतानाच एकमेकांत मिसळा.

आता दगड घडवायचा. आधी मोठे उतार आणि कोन, लाकडी फळीने ठोकून. मग एक-दोन लांब भेगा, थापीच्या टोकाने, कधी खोल कधी उथळ, आणि भेग अंगाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली पाहिजे. त्यानंतर पोत: खऱ्या बेसाल्टचा तुकडा पातळ प्लॅस्टिकवरून दाबा, दर वेळी फिरवून, नाहीतर तोच ठसा डोळ्यांत भरतो. चुरगळलेली प्लॅस्टिकची पिशवी दाबूनही छान पापुद्रे उठतात. सगळीकडे सारखे खड्डे पाडणं टाळा; खरा दगड कुठे शांत असतो, कुठे खडबडीत. स्पंज मारला की सिमेंटची लकाकी जाते आणि वाळूचा दाणा वर येतो. नावाची जागा गवंड्याच्या लाकडी रंध्याने सपाट करा, कडा मात्र कपची उडाल्यासारख्या तुटक ठेवा.

मग थांबा. घड्याळ इथे फारसं कामाचं नाही. मे महिन्यात दोन-तीन तासांत वेळ येते, डिसेंबरात पाच-सहा तास लागू शकतात. कसोटी अशी: अंगठा दाबला तर खड्डा पडत नाही, पण नख ओढलं तर स्वच्छ रेघ उमटते. खिळ्याने एका कोपऱ्यात चाचणी घ्या. कडेने माल वर उचलून ओला गोळा होतोय, तर अजून लवकर आहे. कोरडा चुरा पडतोय आणि रेघेची कड धारदार राहतेय, तर लगेच खाका लावा.

हत्यारं साधीच: हेक्सा ब्लेडचा तुकडा टोकदार घासून, जुनी भाजी कापायची सुरी, तार वाकवून केलेला आकडा. प्रत्येक रेघेच्या मधोमध सुरीने एक सरळ चीर द्या. मग दोन्ही कडांकडून त्या चिरेकडे तिरकं कापत या, तीन सूत खोल, म्हणजे खाच व्ही आकाराची होईल. सपाट तळाच्या खाचेत सावली पडत नाही आणि नाव फिकं दिसतं. व्ही खाचेची एक बाजू उजेडात, एक अंधारात राहते आणि अक्षर आपोआप उठतं. उभे दंड आणि वळणं आधी, शिरोरेखेला लागण्याच्या किंचित अलीकडे थांबून. शिरोरेखा सर्वांत शेवटी, एका दमात. उलट केलं तर दंड जोडताना शिरोरेखेचे कोपरे ढासळतात. दोघं असाल तर एकाने कोरावं आणि दुसऱ्याने बाकीच्या अंगावर पाण्याचा फवारा मारत राहावं, नावावर मात्र पाणी नको.

पडलेला चुरा ओल्या ब्रशने पुसू नका, तो खाचेत चिकटतो. जागच्या जागी राहू द्या, दुसऱ्या दिवशी कोरड्या ब्रशने अलगद निघतो. एखादा कोपरा तुटला तर त्याच घाण्याचा बारीक माल सुरीच्या टोकाने लावून पुन्हा कापा.

वेळ हुकली आणि माल दगड झाला, तरी शिळा टाकून देऊ नका. पाथरवटाला बोलवा, टाकीने काँक्रीटही कोरता येतं, फक्त मजुरी जास्त लागते आणि कड थोडी खडबडीत येते. ग्राइंडर वापरायचा तर पाणी मारत वापरा आणि चांगला मास्क लावा, ती सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते.

पाणी आणि रंग

किमान दहा दिवस शिळा ओली ठेवा. ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक, म्हणजे सारखं पाणी मारत बसावं लागत नाही. नावावर पहिले बारा तास फक्त प्लॅस्टिक, अंगाला न टेकता. बाहेर दिसणारे तंतू महिन्याभराने गॅसच्या टॉर्चची ज्योत भरभर फिरवून जाळता येतात.

रंगाची मुख्य तयारी वरच्या थरातच करा: काळ्या बेसाल्टसाठी सिमेंटच्या वजनाच्या तीन टक्के काळा आयर्न ऑक्साइड, कोरड्या सिमेंटमध्येच मिसळून. दहा टक्क्यांच्या वर कधीच जाऊ नका, ताकद कमी होते. जांभ्यासाठी लाल आणि पिवळा ऑक्साइड. रांगोळीचे किंवा कपड्यांचे रंग उन्हात उडतात. शिळा पूर्ण वाळली की बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग दहापट पाण्यात पातळ करून हात द्या: आधी काळपट, जो भेगांत उतरतो, लगेच ओल्या फडक्याने उंचवटे पुसा. मग राखाडी, मग कुठे कुठे दगडफुलासारखे फिकट हिरवट ठिपके. पातळ रंगाचे अनेक हात हवेत, एक जाड हात साऱ्या पोतावर पाणी फिरवतो.

अक्षरांना सोनेरी रंग देऊ नये असं मला मनापासून वाटतं. खाचेत गडद काळपट रंग दिला की पुरे. शिळेचं तोंड उत्तरेकडे असेल तर वर्षातले बरेच महिने तिच्यावर थेट ऊन पडत नाही आणि सावलीचा उठाव मिळत नाही. तिथे अक्षरांत फिकट पांढरा रंग भरा, किंवा एका बाजूने तिरपा प्रकाश टाकणारा छोटा दिवा लावा.

पहिल्या वर्षी शिळा लोणा धरेल, म्हणजे पांढरे क्षार वर येतील. कोरड्या ब्रशने झाडा, ॲसिडने धुऊ नका. अठ्ठावीस दिवसांनंतर, पूर्ण कोरड्या शिळेवर आत मुरणारा सिलेन-सिलॉक्सेनचा जलरोधक द्या. चकाकणारं वॉर्निश दिलं की सगळी नक्कल उघडी पडते.

बसवताना खालचा भाग मातीत गाडा, तळाशी दोन-तीन छोटे खरे दगड आणि थोडं गवत लावा. दर पावसाळ्यानंतर शिरोरेखेतली माती बांबूच्या काडीने काढा, तारेच्या ब्रशने नको. अक्षरांचा रंग दोन-तीन वर्षांनी फिका पडला की तेवढाच पुन्हा भरा.